रद्दीत गेलेल्या मोटारी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट धरतात. पाणी उतरल्यावर आठवड्याभराने मी गावभागातल्या एका जुन्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. गॅरेजच्या आत एक फियाट उभी होती, टपापर्यंत चिखलाची रेघ ओढलेली. बाकावर कार्बोरेटर, डायनॅमो, पानांचा डबा, सगळं मातीच्या एका रंगात आलेलं. आणि मिस्त्री मात्र दारात दोरी बांधून कागद वाळत घालत होते. कपड्यांचे चिमटे लावून, एकेक पान सुटं करून.

ती पानं प्रीमिअर पद्मिनीच्या सुट्या भागांच्या कॅटलॉगची होती. प्रत्येक पानावर एखादा भाग खोलून मांडलेला, त्याच्या प्रत्येक स्क्रूला नंबर. मी विचारलं, "आधी गाडीचं बघायचं नाही का?"

"गाडी कुठं जातीय?" ते म्हणाले. "इंजिन उघडायचं, चिखल काढायचा, डिझेलनं धुवायचं, परत बांधायचं. लोखंड ऐकतंय हो. कागूद एकदा गेला की गेला, साहेब."

कोपऱ्यात त्यांची पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात मोटारींच्या मासिकांचे अंक होते, म्हणजे आता तिथे एक वीट होती. मासिकाच्या गुळगुळीत कागदावर पांढऱ्या मातीचा पातळ थर दिलेला असतो. त्यामुळे फोटो झळाळतात. पण तो कागद भिजून दाबात वाळला की तोच थर डिंकाचं काम करतो आणि पान पानाला कायमचं चिकटतं. कॅटलॉगचा कागद साधा, खरखरीत होता म्हणून तो वाचला. दहा-बारा वर्षांचे अंक मात्र एकमेकांत मिसळून गेले. मिस्त्रींनी त्या विटेचा एक कोपरा सोलून दाखवला. निळ्या कॉन्टेसाचा मागचा दिवा तेवढा दिसला.

त्याच दिवसांत सांगलीच्या जिल्हा नगर वाचनालयातून भिजलेली पुस्तकं बाहेर काढली जात होती. १८६९ पासून चालत आलेलं वाचनालय. तिथल्या नुकसानीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते लिहायलाच हवं होतं. पण गॅरेजमधल्या, माळ्यावरच्या, सायकलच्या दुकानामागच्या ट्रंकांत काय गेलं, याची नोंद कुणी घेतली नाही. हा लेख त्या ट्रंकांसाठी आहे.

मी साताऱ्यात वाढलो. एसटी स्टँडबाहेरच्या स्टॉलवर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पाच मित्र रोज एक चक्कर मारायचो. अंक पुण्याहून यायचा, त्याचा दिवस ठरलेला नसायचा. पाच जणांत मिळून एक अंक घ्यायचा आणि प्रत्येकाकडे सहा दिवस. पाचव्याकडे तो कायमचा राहायचा आणि पुढच्या महिन्यात क्रम बदलायचा. मधलं पोस्टर कुणाचं, यावर वाद व्हायचे. पोस्टर काढताना टाचणीने पिना उलट्या वळवून, पान न फाडता सोडवायचं आणि पिना परत बसवायच्या, हे कौशल्य आमच्यातल्या एकालाच साधलेलं होतं.

तो काळच तसा होता. १९९८ च्या सप्टेंबरात ‘ओव्हरड्राइव्ह’ सुरू झालं, पुढच्या सप्टेंबरात ‘ऑटोकार इंडिया’. त्याआधीही ‘इंडियन ऑटो’ होतं आणि आदिल जाल दारूखानावाला यांचं पुण्यातलं ‘कार अँड बाइक इंटरनॅशनल’ होतं. त्यांचे जुने अंक आम्हाला रद्दीच्या दुकानात वजनावर मिळायचे. ज्या ‘ऑटोकार’ची ही भारतीय आवृत्ती, ते इंग्लंडमध्ये १८९५ सालापासून निघतंय, हे आम्ही अंकातच वाचलं आणि थक्क झालो. मोटार रस्त्यावर धड धावायच्या आधी तिच्यावर मासिक निघालं होतं! इकडे १९९८ च्या काही महिन्यांत सँट्रो आली, मॅटिझ आली आणि वर्ष संपता संपता इंडिका आली. ज्या देशात तीस वर्षं ‘फियाट की अँबॅसिडर’ एवढाच प्रश्न होता, तिथे दर महिन्याला नवी गाडी चाचणीला येऊ लागली.

आम्हाला त्यातली एकही गाडी घ्यायची नव्हती. घेणं शक्यच नव्हतं. तरीही अंकाच्या शेवटी बारीक अक्षरात छापलेली किमतींची कोष्टकं आम्हाला तोंडपाठ होती. सीसी, अश्वशक्ती, शून्यापासून शंभरच्या वेगाला लागणारे सेकंद, लिटरला किती किलोमीटर. बीजगणितात काठावर पास होणारा माझा मित्र दोन गाड्यांच्या वजनाला अश्वशक्तीने भागून कोणती आधी सुटेल हे मनात सांगायचा. इंग्रजी आम्ही शाळेत शिकलो त्याहून जास्त तिथे शिकलो. ‘अंडरस्टिअर’ हा शब्द तीन दिवस कळला नव्हता. मग पोवई नाक्याजवळच्या एका फिटरने सांगितलं, "पुढची चाकं वळवली तरी गाडी ऐकत नाही, नाक धरून सरळच जाते, तेच ते." एवढ्या चांगल्या व्याख्येला कोणत्याच अंकात जागा मिळाली नव्हती.

इथेच मला जे म्हणायचं आहे ते सुरू होतं. मासिकांची भाषा इंग्रजी होती आणि गॅरेजची मराठी. दोन्हींना यंत्र पुरतं कळत होतं, पण कागदावर त्यांची भेट झाली नाही. गाडी ‘मिसिंग मारते’, ‘दम खाते’, ‘तापते’, पाटा ‘बसतो’, रिंगा ‘जातात’, इंजिन ‘बांधायला’ टाकतात, बोअर ‘करून आणतात’. हे शब्द दोन पिढ्यांनी हात काळे करून घडवले. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत मोटारींवर मराठी लेख येत राहिले, नाही असं नाही. पण ते बहुतेक विकत घेणाऱ्यासाठी होते. उघडून बघणाऱ्यासाठी मराठीत फार थोडं छापलं गेलं.

आणि याचं वाईट अधिक वाटतं, कारण ती वाट याच मुलखातून निघाली होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. मग लोखंडी नांगर, मग १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना. आजची किर्लोस्करवाडी, सांगली जिल्ह्यातली. त्या माळावरून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. कारखान्याची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचवायची म्हणून काढलेलं पत्रक. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचं मासिक केलं. पुढे नावातली ‘खबर’ गळून ‘किर्लोस्कर’ राहिलं आणि त्याच घरातून १९३० मध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघालं. मराठी मध्यमवर्गाने कथा, विचार, सुधारणा यांसाठी ती वाचली आणि त्यांचा गौरव साहित्याच्या इतिहासात झाला. पण त्यांचा उगम एका ओतशाळेच्या शेजारी आहे, हे आपण विसरत आलो. नांगराचा फाळ कसा बसवायचा हे मराठीत नीट छापता येतं आणि शेतकरी ते वाचतो, हे तिथे शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झालं होतं. ती वाट मोटारीपर्यंत आली असती तर आमच्या फिटरची व्याख्या छापून आली असती.

मोटारी तर आल्याच. सांगलीच्या विश्रामबागेत एक अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. १९४७ मध्ये ते न्यू इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून सुरू झालं आणि १९५५ मध्ये त्याला वालचंद हिराचंद यांचं नाव मिळालं. सोलापूरच्या या माणसाने १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज, प्लिमथ, फार्गो बाहेर पडल्या, मग १९५४ पासून फियाट ११००. तिची पुढची दारं उलटी उघडायची, म्हणून जुने लोक अजून ‘उलट्या दाराची फियाट’ म्हणतात. पुढे ११००डी आली, १९७२ मध्ये नाव प्रेसिडेंट झालं, १९७४ मध्ये पद्मिनी. आत तेच १०८९ सीसीचं इंजिन, तोच स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिचं उत्पादन थांबलं. सांगलीत शिकलेली किती मुलं कॉलेजच्या दारावरचं ते नाव वाचत आत गेली आणि बाहेर उभ्या टॅक्सीचा त्याच नावाशी संबंध आहे हे न कळताच इंजिनिअर झाली असतील!

साताऱ्याची गोष्ट तर आणखी जवळची. सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना होता, नांगर आणि इंजिनं करणारा. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, त्या पदाला तेव्हा पंतप्रधानच म्हणत. आणि १९७५ मध्ये साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांचा तो संयुक्त उपक्रम. तिथे ‘प्रिया’ तयार व्हायची.

प्रियाबद्दल मला थोडं थांबूनच लिहावं लागेल. लायसन्सच्या त्या काळात किती स्कूटर बनवायच्या हे दिल्लीत ठरायचं, मागणी त्याच्या कितीतरी पुढे असायची आणि लोक वर्षानुवर्षं नाव नोंदवून वाट बघायचे. आमच्या घरी ती १९८४ मध्ये आली. फिकट हिरवी. वडिलांनी हँडलला हार घातला, आईने हेडलाइटखाली कुंकू लावलं आणि पहिली फेरी चार भिंतींच्या टेकडीपर्यंत झाली. गावातल्या एमआयडीसीत जन्मलेली गाडी गावातच राहिली, याचा वडिलांना केवढा अभिमान! सकाळी थंडीत ती एका अंगाला तिरकी करायची, पेट्रोल उतरलं की सरळ करून किक मारायची. तिसऱ्या किकला नाही लागली तर प्लग काढायचा, गॅसवर तापवायचा, पॉलिश पेपरने घासायचा. दोन स्ट्रोकचा निळसर धूर आणि ऑइलचा वास म्हणजे माझ्यासाठी शाळेची वेळ. पुढे मी, मधे नाही, पुढेच, हँडलखाली उभा. मधे ताई, मागे आई आडवी बसलेली, तिच्या मांडीवर पिशवी. असं आख्खं घर एका स्कूटरवर पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेलेलं आहे.

त्या कारखान्यातलं स्कूटरचं उत्पादन या शतकाच्या पहिल्या दशकात बंद पडलं. कंपनी आहे, तिच्या नावात ‘स्कूटर्स’ही आहे, पण आज ती मुख्यतः शेअर्समधली गुंतवणूक सांभाळते. साताऱ्याच्या कामगारांनी बांधलेल्या प्रियाचा एक नमुना, तिची माहितीपुस्तिका, जोडणीच्या रांगेचे फोटो, असं सगळं एकत्र बघायचं तर साताऱ्यात आज कुठे जायचं? औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये एवढ्याशा संस्थानात चित्रांचं आणि शिल्पांचं संग्रहालय उभारलं. त्याच बाळासाहेबांनी किर्लोस्करांना माळ दिला होता. चित्र आणि यंत्र दोन्हींवर सारखंच प्रेम करणारा माणूस इथे होऊन गेला. त्याच्यानंतर चित्रं जपली गेली, यंत्रं भंगारात गेली.

बाकीच्या गाड्यांची नुसती नावं घेतली तरी या दोन जिल्ह्यांचा नकाशा उभा राहतो. साखर कारखान्याच्या चेअरमनची पांढरी अँबॅसिडर. ती पोर्चमध्ये आली की सगळं ऑफिस उठून उभं राहायचं. हँडलच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकवून पहाटे डेअरीकडे जाणारी दूधवाल्याची एम-८०. गुळाच्या ढेपा आणि हळदीची पोती भरून सांगलीच्या यार्डात शिरणारा फार्गो. आणि ट्रॅक्स! नऊ माणसांच्या गाडीत सोळा बसवून, मागच्या पायरीवर तिघं उभे करून कडेगाव-विट्याकडे सुटणारं वडाप. एसटी चुकली की वडाप हे ज्याला ठाऊक नाही त्याने या भागात कॉलेज केलेलं नाही.

आणि खंबाटकीचा घाट. बोगदा नव्हता तेव्हा चढ-उतार दोन्ही एकाच रस्त्याने. उन्हाळ्यात दुपारी फियाट वर येता येता बंद पडायची. तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ धरते आणि इंजिनला पेट्रोल पोहोचत नाही. मिस्त्री त्याला ‘गॅस धरला’ म्हणतात. उपाय साधा: बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं, घाटातल्या खामजाई देवीला हात जोडायचे आणि दहा मिनिटं थांबायचं. म्हणून त्या काळी प्रत्येक फियाटवाल्याकडे पाण्याचा एक डबा रेडिएटरसाठी आणि एक फडकं पंपासाठी असे. इंग्रजी मासिकात हे मी कधी वाचलं नाही. तिथे चाचणीची गाडी नवी असायची.

हाताने यंत्र वाचण्याची ही जात इथे अजून टिकून आहे. कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या लोहारकाम करणाऱ्या एका कारागिराने भंगारातले भाग जोडून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप घडवली. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी तो पाहिला, अशी गाडी नियमांत बसत नाही म्हणून अधिकारी ती कधीतरी थांबवतील, तेव्हा बदल्यात बोलेरो देतो, असं जाहीर केलं आणि नव्या वर्षात ती दिलीही. ती छोटी जीप कंपनीने आपल्याकडे ठेवली. गाडी सुरक्षित राहिली, याचं समाधान आहे. पण ती घडवताना त्या माणसाने काय मोजलं, स्टिअरिंग कोणत्या गाडीचं घेतलं, चेसिस कशी आखली, हे त्याच्याच शब्दांत मराठीत सविस्तर छापलेलं मी कुठे पाहिलं नाही.

सांगलीहून पंचगंगेकडे गेलं की इचलकरंजी. तिथल्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४० च्या दशकापासून १९७० च्या दशकापर्यंत सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी मोटार घडवण्याचा ध्यास घेतला. तिचं नाव ‘मीरा’. एकामागून एक नमुने त्यांनी बनवले, रस्त्यावर चालवले. कारखान्यातून ती कधी निघाली नाही. देशाला छोटी गाडी मिळाली ती १९८३ च्या डिसेंबरात, मारुती ८०० च्या रूपाने. आज मीराबद्दल जे काही कळतं ते जुन्या छापील कागदांमुळे. कुणीतरी एक कात्रण ठेवलं, एक फोटो जपला म्हणून ती गाडी अजून आहे. ते कात्रण रद्दीत गेलं असतं तर मीरा झालीच नाही, असं म्हणायला आपण मोकळे होतो.

कागदाचं हे मोल आता कायद्यानेही ओळखलं आहे. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, मोठे फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,००० रुपये, आणि ती रोज वापरायची नाही, प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची. आता प्रश्न असा की मूळ रूप कोणतं? १९६८ च्या ११००डीचा डॅशबोर्ड कसा होता, चाकाच्या टोपीवर कोणती खूण होती, रंग कोणते मिळायचे, हे सांगणारं काय आहे? जुन्या मासिकातली जाहिरात, कॅटलॉगचं पान, डीलरने दिलेली घडीपत्रिका. लग्नातल्या फोटोत मागे उभी असलेली गाडीसुद्धा पुरावा आहे. मुंबई-पुण्यातल्या हौशी लोकांकडे हे कागद आहेत, ते परदेशातूनही मागवू शकतात. पण मेढ्याच्या किंवा तासगावच्या एखाद्या घरात आजोबांची फियाट पत्र्याच्या शेडमध्ये उभी असेल तर त्यांच्या नातवाने कुठे बघायचं?

मी गेल्या दिवाळीत मिस्त्रींना पुन्हा भेटलो. टपापर्यंत बुडालेली ती फियाट चालू झाली आहे. त्यांनी स्वतः बांधली, बोअर मिरजेहून करून आणला, सीटा सांगलीतच शिवून घेतल्या. वाळवलेला कॅटलॉग आता प्लॅस्टिकच्या पिशव्यांत आहे, एका पिशवीत एक पान, आणि सगळ्या पिशव्या माळ्यावर, ५७ फुटांच्या रेघेच्या वर. पत्नीने रेघ आखून दिली, असं ते म्हणाले. ज्या पानांवर ग्रीसचे डाग होते ती सगळ्यात चांगली वाचली, कारण पाणी त्यांत शिरलंच नाही. ब्रेकची आणि कार्बोरेटरची पानं ती. रोज हाताळलेली. ज्या पानांना कधी हात लागला नव्हता ती विरघळली.

त्यांना मुलगा आहे, तो चारचाकीच्या शोरूममध्ये कामाला आहे, संगणक लावून गाडीतला बिघाड शोधतो. चांगलं काम आहे ते, मिस्त्रींना त्याचं कौतुक आहे. पण ‘गॅस धरला’ म्हणजे काय हे त्याला कधी सांगायची वेळ आली नाही. मी त्या संध्याकाळी मोबाइल मधे ठेवून दीड तास नुसते शब्द विचारत बसलो. कोणत्या आवाजाला काय म्हणता, कोणत्या वासाला काय म्हणता. पहिल्यांदा ते संकोचले, मग थांबेनात. एकशे चौदा शब्द झाले. त्यातले निम्मे मला मराठीतल्या कोणत्याही कोशात सापडलेले नाहीत.

तेव्हा दिवाळीची साफसफाई करताना एवढं करा. माळ्यावर मोटारींची मासिकं, कंपनीच्या पुस्तिका, जुनी बिलं, प्रियाची कागदपत्रं सापडली तर वजनाच्या काट्यावर ठेवण्याआधी एकदा उघडून पाहा. नको असतील तर गावच्या वाचनालयात द्या आणि वाचनालयांनी ती ‘संकीर्ण’ म्हणून न टाकता एका वेगळ्या कपाटात ठेवावीत, पुराच्या रेघेच्या वर. तुमच्या गल्लीत एखादा म्हातारा मिस्त्री असेल तर त्याच्याजवळ बसून त्याचे शब्द लिहून घ्या. आणि आणखी एक. आमच्या मिस्त्रींच्या कॅटलॉगमधली गिअरबॉक्सची सगळी पानं पुरात गेली आहेत. पद्मिनीचा तो कॅटलॉग कुणाकडे असेल तर या अंकाच्या पत्त्यावर कळवा. मूळ प्रत नको, त्या पानांची झेरॉक्स पुरेल.